गूळ खाऊन धूळ जात नाही

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या ओतशाळांत, बफिंगच्या (धातूला चकाकी देण्याच्या) गाळ्यांत, ग्रॅनाइट कापण्याच्या कामांवर आजही पाळी सुटताना कामगाराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला जातो. कुठे गुळाऐवजी केळे, कुठे रसायनाच्या खात्यात अर्धा लिटर दूध. देणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही, आणि घेणाराही मनापासून मानतो की गुळाने छातीतली धूळ ओढून निघते. पण अन्नाची वाट वेगळी आणि श्वासाची वेगळी. गूळ पोटात उतरतो. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसाच्या पार टोकाला, हवेच्या इवल्या फुग्यांत जाऊन बसते, आणि तिथे गुळाचा कणही पोचत नाही. दुधाचेही तसेच. रक्तात गेलेले शिसे दुधाने उतरत नाही, थिनरची वाफ दुधाने धुऊन निघत नाही. पोषण म्हणून दूध-गूळ जरूर द्यावा. मात्र गूळ मिळाला की धूळ ओढणारा पंखा मागायचे कोणाच्या मनात येत नाही, आणि हे नुकसान फार मोठे आहे.

कामगारांसाठी आरोग्य व सुरक्षेचे वर्ग घेणारे आम्ही काही जण हे पत्र मुद्दाम सविस्तर लिहीत आहोत. दरवर्षी ४ मार्चला, म्हणजे १९६६ साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली त्या दिवशी, फाटकावर फलक लागतात, शपथ होते, घोषवाक्यांना बक्षिसे मिळतात. दुसऱ्या दिवशी कामगार मशीनवर परततो तेव्हा तीन साध्या गोष्टी त्याला सांगता येत नाहीत: मी हाताळतो त्या वस्तूचे नाव काय, ती अंगात कोणत्या वाटेने शिरते, आणि उद्या आजारी पडलो तर कोणता कागद माझ्याकडे असायला हवा. आमच्या लेखी आरोग्य-साक्षरता ती हीच. अक्षरओळखीशी तिचा संबंध थोडा. अंगठा उठवणारा मोल्डर तिच्यात तरबेज असू शकतो आणि पदविकाधारक ऑपरेटर कोरा.

नावापासूनच सुरुवात करू. धारावीतल्या किंवा कुर्ल्यातल्या चपला-बॅगांच्या कारखान्यात चिकटवण्याच्या पदार्थाला 'सोल्युशन' म्हणतात. रंगाच्या खात्यात सगळे 'थिनर', प्लेटिंगमध्ये (धातूवर मुलामा देण्याच्या कामात) सगळे 'तेजाब', बाकी सगळीकडे 'केमिकल' नाहीतर 'पावडर'. आता सोल्युशनमध्ये एन-हेक्झेन असेल तर ते पायाच्या नसा खाते. आधी बोटांना मुंग्या, मग बधिरपणा, मग चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, पुढे हाताची पकड जाते. काम सोडल्यावरही काही महिने त्रास वाढत राहू शकतो, त्यामुळे 'आता तर मी ते काम करतच नाही' म्हणून माणूस भलत्याच उपचारांत पडतो. सोल्युशनमध्ये टोल्युइन असेल तर डोके दुखणे, गुंगी, विसराळूपणा पुढे येतो. बेंझिन असेल तर प्रश्न थेट रक्ताचा आणि हाडांच्या मगजाचा. डबा दिसायला सारखा, वासही जवळपास सारखा, आजार तीन. डॉक्टरांना 'सोल्युशन' एवढेच सांगून त्यांच्या हाती काही लागत नाही.

वासावर तर मुळीच विसंबू नये. सोल्युशनच्या वासाला नाक तासाभरात सरावते. वास येईनासा झाला की हवा साफ झाली असे वाटते, आणि वाफ तितकीच असते. या वाफा हवेपेक्षा जड असतात, खाली बसतात. जमिनीवर मांडी घालून काम करणाऱ्याच्या नाकाशी त्या सर्वांत दाट असतात आणि वर भिंतीत लावलेला एक्झॉस्ट छताजवळची हवा बाहेर फेकत बसतो. तोच पंखा जमिनीपासून हातभर उंचीवर लावला आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला वाट ठेवली की फरक लगेच जाणवतो. पावसाळ्यात खिडक्यांवर ताडपत्री बांधली जाते तेव्हा हे आणखी महत्त्वाचे. हात धुवायला थिनर वापरणे हीसुद्धा घातक सवय आहे. थिनरने कातडीचे तेल निघून जाते, भेगा पडतात, आणि त्याच भेगांतून पुढचे सगळे आत जाते. हाताला आधी गोडेतेल चोळून मग साबण लावला तर बहुतेक डाग निघतात.

नाव शोधायचे कुठे? मूळ डब्यावर. म्हणून मूळ डब्यातून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवण्याची पद्धत आधी बंद व्हायला हवी. ओतावेच लागले तर बाटलीवर नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी. डब्यावर लाल चौकटीतली चित्रे असतात, ती मोबाईलवर काढून ठेवावीत. कवटी म्हणजे लगेच मारणारे विष. माणसाच्या छातीवर चांदणी उमटल्यासारखे चित्र म्हणजे सावकाश होणारे नुकसान: कर्करोग, दमा, प्रजननावर किंवा अवयवांवर परिणाम. आमच्या अनुभवात कवटी सगळ्यांना कळते आणि चांदणी कोणालाच कळत नाही, वास्तविक कारखान्यातल्या दीर्घ आजारांची खूण तीच. त्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रकही असते. त्याचे १६ भाग, पण कामगाराने तीनच धरून बसावे: दुसरा भाग धोका काय ते सांगतो, चौथा प्रथमोपचार, आठवा हवेतली मर्यादा आणि कोणता मुखवटा, कोणते हातमोजे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार असे पत्रक बनवणे बंधनकारक आहे. ते इंग्रजीत असते आणि ऑफिसच्या कपाटात असते, अडचण तिथे आहे. पुरवठादाराकडून मागवून या तीन भागांचे मराठी-हिंदी एक पान करून खात्यात चिकटवायला दोन तास पुरतात.

आता धूळ. मुंबईत सिलिका, म्हणजे दगड-वाळूतले गारेचे खनिज, कुठे आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही, कारण सिलिका म्हटले की खाणीच डोळ्यांपुढे येतात. पण फरशी आणि ग्रॅनाइट कापण्यात आहे, ओतशाळेच्या वाळूत आहे, सँडब्लास्टिंगमध्ये आहे. सीप्झपासून काळबादेवीपर्यंत दागिन्यांच्या ओतकामात साच्यासाठी जी पांढरी 'इन्व्हेस्टमेंट' पावडर कालवतात ती प्लास्टरसारखी निरुपद्रवी दिसते. तिच्यात क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाच असते. डोळ्यांना दिसते ती धूळ बहुतांशी नाका-घशात अडकते आणि शेंबडातून, थुंकीतून बाहेर पडते. फुफ्फुसात खोल जाऊन बसणारे कण ५ मायक्रॉनच्या आतले. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज यावा.

हे कण बघण्याची सोय मात्र आहे. दुपारी घरात कवडसा पडला की त्यात कण नाचताना दिसतात ना, तसेच. खात्यातले दिवे मालवावेत, चांगल्या टॉर्चचा झोत कामाच्या जागेवर तिरका सोडावा आणि झोत जिकडे जातो त्या बाजूला उभे राहून, टॉर्चचे तोंड हाताने किंवा पुठ्ठ्याने आपल्या नजरेआड करून, बघावे. एरवी साफ वाटणाऱ्या हवेत धुळीचे लोट दिसतात आणि ते मास्कच्या कडेने नाकाकडे कसे वळतात तेही दिसते. वर्गात तासभर बोलून जे पटत नाही ते इथे मिनिटात पटते.

धूळ ओढणारा ब्लोअर लावलेला असला तरी तो ओढतो का, हे उदबत्तीने तपासता येते. घासण्याचे चाक बंद ठेवून, ब्लोअर चालू करून, जिथून धूळ उडते नेमक्या त्या ठिकाणी पेटती उदबत्ती धरावी. धूर सरळ हुडात, म्हणजे धूळ खेचून घेणाऱ्या पाइपच्या तोंडात, गेला तर ठीक. तो वर चढला किंवा कामगाराच्या तोंडाकडे आला तर ब्लोअर नुसता आवाज करतो आहे. थिनर, सोल्युशन किंवा ॲल्युमिनियमची धूळ असेल तिथे उदबत्ती पेटवायची नाही, टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरावी. ओढ कमी असण्याची कारणे ठरलेली असतात. पिशवी चोंदलेली, लवचिक पाइप घडीवर फाटलेला, पट्टा सैल, आणि सर्वांत जास्त वेळा हुडाचे तोंड कामापासून लांब. सहा इंची पाइपच्या तोंडाशी जेवढी ओढ असते तिचा जेमतेम दहावा हिस्सा सहा इंचांवर उरतो. वीतभर अंतर वाढले की तो पाइप असून नसल्यासारखा. म्हणून नवीन मोटर घेण्याआधी पाइप जवळ आणावा, त्याला काही खर्च येत नाही. आणखी एक बिघाड फसवा असतो. दुरुस्तीनंतर वायरमनने तीन फेजपैकी दोन उलट जोडल्या तर ब्लोअर उलटा फिरतो, आणि उलटा फिरूनही थोडी हवा ओढतोच, त्यामुळे महिनोन्महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. केसिंगवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. मोटर बंद करून पंखा थांबताना बघितले की उलटे-सुलटे लगेच कळते.

फरशी कापताना पाणी पात्यावर, नेमके कापाच्या जागी पडले पाहिजे. बाजूला बादली ओतून उपयोग नाही. चिखल वाळला की पुन्हा त्याची धूळ होते, तेव्हा ओला असतानाच उचलावा. झाडू ओला. आणि पाळी संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झाडणे पूर्ण बंद. दिवसभरात जेवढी धूळ नाकात गेली नसेल तेवढी त्या दोन मिनिटांत जाते, शिवाय जखमेतून हवा अंगात शिरण्याचा धोका वेगळाच.

मास्कबद्दल थोडे सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. रुमाल, ओढणी, हिरवा-निळा सर्जिकल मास्क यांनी सिलिका अडत नाही. भारतीय मानक आयएस ९४७३ चा शिक्का असलेला, किमान एफएफपी-२ प्रतीचा मास्क हवा. घालताना वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर आणि खालचा कानाखालून मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर ओढले की हनुवटीपाशी फट राहते, आणि हेच सर्वत्र दिसते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी. एका हाताने चिमटली तर मधोमध टोक येते आणि दोन्ही बाजूंनी हवा शिरते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडावा, डोळ्यांशी किंवा गालाशी वारा लागला तर पुन्हा बसवावा. झडपेचा मास्क असेल तर झडप झाकून श्वास आत ओढून बघावा, मास्क आत खेचला गेला पाहिजे. दाढी असेल तर हा मास्क बसत नाही, एका दिवसाचे खुंटही गळतीला पुरते. श्वास जड झाला, मास्क ओला झाला किंवा चुरगळला की तो संपला. तो उलटा करून पुन्हा घालायचा नाही, मशीनच्या हँडलला टांगायचा नाही. आणि धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, हे प्रत्येक वर्गात तीन-तीनदा सांगावे लागते. वाफेला वाफेचेच काडतूस, म्हणजे मुखवट्याला लावायची वाफ शोषणारी डबी, लागते, आणि पाकीट फोडले की ते आपोआप खर्च होऊ लागते, म्हणून वापर झाला की हवाबंद डब्यात ठेवावे.

आवाजाची मर्यादा आपल्याकडे ८ तासांना ९० डेसिबल आहे. ९५ ला ४ तास, १०० ला २ तास, १०५ ला १ तास, ११५ ला फक्त १५ मिनिटे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर कानाला धोका आहे असे समजून चालावे. इअरप्लग बोटांत लाटून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढावी, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग दागिन्यासारखा. आणि पाळीचा अर्धा वेळ तो काढून ठेवला तर कितीही भारी असो, फायदा ३ ते ५ डेसिबलपुरताच उरतो.

या सगळ्या मर्यादा ८ तासांचे काम आणि १६ तासांची विश्रांती धरून ठरवलेल्या आहेत. मुंबईच्या गाळ्यांत पाळी १२ तासांची, आणि अनेक ठिकाणी कामगार त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतो, तिथेच स्टोव्ह पेटवून जेवण करतो. त्याचे फुफ्फुस घरी जातच नाही. खात्यातली हवा मोजून 'मर्यादेत आहे' असा अहवाल देणाऱ्यांनी पोटमाळ्यावरची हवा रात्री मोजावी अशी आमची कळकळीची मागणी आहे. ती होईपर्यंत निदान एवढे तरी व्हावे: झोपायच्या जागेत डबे न ठेवणे, कामाचे कपडे वेगळ्या खुंटीला, हात-तोंड धुतल्याशिवाय चहाही नाही. बॅटरीच्या, सोल्डरिंगच्या, रेडिएटर दुरुस्तीच्या कामात शिसे श्वासाइतकेच हातावरून तोंडात जाते, आणि कपड्यांवरून घरच्या लहान मुलांपर्यंत पोचते.

प्लेटिंगच्या गाळ्यांत दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. सायनाइडची टाकी आणि ॲसिडची टाकी शेजारी असू नये, दोन्हींचे सांडपाणी एका गटारात जाऊ नये. ती एकत्र आली की मारक वायू तयार होतो. क्रोमिक ॲसिडचे काम करणाऱ्याने दर आठवड्याला नाक बघावे: खपल्या, वारंवार घोळणा फुटणे, मधला पडदा दुखणे. पडद्याला भोक पडते तेव्हा बहुधा वेदना होत नाही, म्हणून ते दडून राहते. सोने गाळताना नायट्रिक ॲसिडचा जो तपकिरी धूर निघतो त्याने आधी थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, आणि काही तासांनी, कधी रात्री झोपेत, फुफ्फुसात पाणी भरते. असा धूर भरपूर छातीत गेलेल्या माणसाला 'आता ठीक आहे' म्हणून घरी धाडू नये, इस्पितळात देखरेखीखाली ठेवावे.

डोळ्यात ॲसिड उडाले तर सलग १५ मिनिटे पाणी, लगेच, जागेवर. मिनिटाला दीड लिटर धरले तरी साडेबावीस लिटर लागतात. ज्या गाळ्यात नळाला दिवसातून दोन तास पाणी येते तिथे या एका कामासाठी झाकणाचा, तोटीचा, ५० लिटरचा पिंप भरून ठेवणे आणि पाणी रोज बदलणे हाच उपाय आहे. पापण्या बोटांनी उघड्या धराव्या लागतात, त्या आपोआप मिटतात. सोडा, दूध, तूप काहीही घालू नये.

वर्षातून एकदा होणाऱ्या 'मेडिकल'बद्दल बोलायलाच हवे. गाडी येते, उंची, वजन, रक्तदाब, भिंतीवरची अक्षरे, सही. धुळीत काम करणाऱ्याला हवी छातीची फुंक-तपासणी आणि एक्स-रे, आवाजात काम करणाऱ्याला श्रवणचाचणी, शिसे हाताळणाऱ्याला रक्तातल्या शिशाची चाचणी. होतात त्या चाचण्यासुद्धा अनेकदा वाया जातात. श्रवणचाचणी पाळीच्या मध्येच, कँटीनच्या गोंगाटात घेतली तर निकाल खोटा. आधी १६ तास कानाला शांतता हवी आणि ४००० हर्ट्झची नोंद बघायला हवी, कारण आवाजाने आलेला बहिरेपणा पहिल्यांदा तिथे खड्डा पाडतो. फुंक-तपासणीत पूर्ण श्वास भरून, एका दमात जोराने, साधारण ६ सेकंद फुंकावे लागते, आणि असे तीन चांगले प्रयत्न लागतात. 'फुंका, झाले, पुढचा' अशा पद्धतीने निघालेला आकडा कागद भरायला ठीक. प्रत्येक अहवालाची प्रत मागून घ्यावी. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी बघण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे.

वस्तीतल्या डॉक्टरांनाही आमची विनंती आहे. खोकला, दम, मुंग्या, खाज घेऊन आलेल्या माणसाला 'काम काय करता, आधी काय करायचा' हे विचारावे, आणि आणखी एक: 'गणपतीला गावी गेलात तेव्हा त्रास कमी झाला होता का?' दहा दिवस कोकणात राहून खोकला थांबला आणि परत आल्यावर आठवड्यात सुरू झाला, तर कामाच्या जागेकडे बोट दाखवणारा याहून चांगला पुरावा क्वचित मिळतो. गिरणगावाला हा हिशेब पुरेपूर माहीत होता. ब्लो रूम आणि कार्डिंगमधल्या, म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यांतल्या, माणसाची छाती सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी आवळायची, पुढे आठवडाभर थोडी सैलावायची. बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराची, ती खूण. एक्स-रेमध्ये ती दिसत नाही, पहिल्या दिवशी पाळीआधी आणि पाळीनंतर फुंक घेऊन फरक बघावा लागतो. सिलिकोसिसची, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराची, गत उलटी: एक्स-रेमध्ये डाग दिसतात आणि क्षयाचे औषध सुरू होते. सिलिका असलेल्या छातीत क्षय खरोखर जास्त होतो, म्हणून थुंकीची तपासणी व्हायलाच हवी. पण क्षयाचे जंतू सापडले नाहीत आणि औषधाचा कोर्स संपूनही डाग तसेच राहिले, तर दुसऱ्यांदा तोच कोर्स देण्याआधी दगडाच्या धुळीचा विचार व्हावा. कारखान्यांच्या कायद्यातल्या यादीत असे २९ आजार आहेत, त्यात शिशाची विषबाधा, क्रोमचे व्रण, सिलिकोसिस, बिसिनोसिस, आवाजाने आलेला बहिरेपणा हे सगळे येतात. त्यांपैकी एखाद्याचा संशय आला की कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवणे तपासणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक आहे, डॉक्टर खासगी असला तरी. हे माहीत असलेले डॉक्टर आम्हांला फार थोडे भेटतात.

कागदांविषयी. एक शंभर पानी वही करावी. कोणत्या साली, कोणत्या गाळ्यात, कोणत्या खात्यात, काय हाताळले, दिवसाचे किती तास, मास्क कोणता, ब्लोअर होता का. डब्यांचे फोटो, पगाराची पावती, हजेरीकार्ड, गेटपास याच वहीत. सिलिकोसिससारखा आजार बहुधा दहा-वीस वर्षांनी डोके वर काढतो, तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि गाळ्याच्या जागी टॉवर उभा असतो. मग हाती उरते ती वही. कामगार विमा असलेल्याने हे लक्षात ठेवावे की कामातून झालेली इजा किंवा यादीतला व्यवसायजन्य आजार यासाठी तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, साध्या आजारपणात ७० टक्के. फरक मोठा आहे, आणि केसपेपरवर डॉक्टरने कामाचा उल्लेख केला की नाही यावर अनेकदा तो ठरतो. इजेच्या लाभाला अमुक इतके दिवस हप्ते भरलेले असण्याची अट नाही, कामाच्या पहिल्याच दिवशी इजा झाली तरी हक्क आहे.

माहिती मागणे हा उद्धटपणा नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात कलम १११-अ आले आणि आपल्या आरोग्य-सुरक्षेविषयीची माहिती मालकाकडून मिळवण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या, म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या कायद्याच्या, १४ व्या कलमातही तो आहे. त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या मात्र १० वरून २० कामगारांवर गेली. मुंबईतले किती गाळे त्या रेषेखाली जातात ते मरोळ किंवा साकीनाक्याच्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारली की दिसेल. तिथल्यांना शिकवणार कोण, याचे उत्तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनाने, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने, द्यावे. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे औद्योगिक आरोग्याचे जाणकार आहेत. ते ज्ञान शीवहून दोन-तीन किलोमीटरवरच्या धारावीत मराठी-हिंदीत उतरावे, ही अपेक्षा फार नाही.

शिकवण्याची रीतही बदलायला हवी. तासाभराचे व्याख्यान जेवणानंतर ठेवले की अर्धे लोक पेंगतात. पाळी सुरू होताना दहा मिनिटे, एकच विषय, खऱ्या डब्यासह, खऱ्या मास्कसह. 'समजले का?' विचारू नये, सगळे 'हो' म्हणतात. 'करून दाखवा' म्हणावे. दहांपैकी सहांनी मास्कचा पट्टा चुकीचा लावला तर चूक शिकवणाऱ्याची, पुन्हा शिकवावे. मराठी, हिंदी, ओडिया बोलणारे एकाच खात्यात असतील तर त्यांच्यातल्याच एकाला आधी शिकवून त्याच्या तोंडून सांगावे. ठेकेदाराच्या माणसांना 'ते आमच्या रोलवर नाहीत' म्हणून बाहेर बसवू नये, कारण टाकी धुणे, भट्टी साफ करणे ही सर्वांत घातक कामे नेमकी त्यांच्याच वाट्याला येतात.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती करून थांबतो. आठवड्यातून एकदा, रविवारी नको, सुट्टी संपून माणसे कामावर येतात त्या सोमवारी, वहीच्या पानाएवढी एक चौकट द्यावी. एका चौकटीत एकच वस्तू: नाव, गाळ्यात तिला काय म्हणतात, अंगात शिरते कुठून, पहिली लक्षणे, कोणती तपासणी मागायची. कापून भिंतीला चिकटवता येईल अशा ठळक अक्षरांत. मजकूर आम्ही विनामोबदला लिहून देऊ, आपण तो तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. पहिली चौकट सोल्युशनची असावी असे आम्हांला वाटते.

आपले,
कामगार आरोग्य व सुरक्षा प्रशिक्षणाचे काम करणारे काही जण
मुंबई